नवतपा आणि टर्बो इंजिन

मोटारीच्या माहितीपत्रकात छापलेली इंजिनाची शक्ती ज्या हवेत मोजलेली असते, ती हवा नागपुरात उन्हाळ्याच्या दुपारी कित्येक आठवडे सापडतच नाही. निव्वळ शक्ती मोजण्याची जी आंतरराष्ट्रीय पद्धत मोटारउद्योगात रूढ आहे, तिच्यात प्रमाणभूत हवा २५ अंश सेल्सिअसची आणि ९९ किलोपास्कल दाबाची मानलेली आहे. चाचणीच्या दिवशी हवा याहून थोडी निराळी असल्यास हिशेबाने दुरुस्ती करून घेण्याची मुभा आहे. परंतु पेट्रोल इंजिनाच्या बाबतीत ती हवा ३५ अंशांहून अधिक तापलेली नसावी, असा दंडकही तिथेच घालून दिला आहे. नागपूरच्या वेधशाळेच्या दप्तरात मात्र २३ मे २०१३ या दिवसापुढे ४७.९ अंशांची नोंद आहे, आणि सूर्य रोहिणी नक्षत्रात गेल्यावरचे जे नऊ दिवस विदर्भात नवतपा म्हणून ओळखले जातात, त्यांत ४५ अंशांचा पारा येथे कोणाला विशेष वाटत नाही. पुन्हा वेधशाळेचा हा आकडा सावलीतला असतो; वर्धा मार्गावर सिग्नलपाशी थांबलेल्या मोटारीच्या नाकाशी, तापलेल्या डांबरावरून आणि पुढच्या वाहनाच्या धुरांड्यातून जी हवा येते, ती त्याहूनही उष्ण असते.

जुन्या धर्तीच्या साध्या पेट्रोल इंजिनाला हा फरक फारसा जाणवत नसे. हवा विरळ झाली की त्याची शक्ती थोडी घटे, वातानुकूलन सुरू असताना चढावर गाडी थोडी जड वाटे, आणि तेवढ्यावर मामला मिटे. टर्बो बसवलेल्या पेट्रोल इंजिनाची गोष्ट निराळी आहे, कारण त्याची सारी करामतच हवा दाबण्यावर उभी आहे, आणि हवा दाबली की ती तापते. या इंजिनांच्या टिकाऊपणाविषयी आज ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यांतील बहुतेकांचे मूळ शोधत गेल्यास आपण उष्णता आणि तेल या दोनच ठिकाणी येऊन थांबतो, असे माझे मत आहे. आणि नागपूरच्या मोटारमालकाने आपल्या गाडीचे माहितीपत्रक आणि देखभालीचे पुस्तक या दृष्टीनेच वाचले पाहिजे.

टर्बोची कल्पना नवी नाही. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली तिचे पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरात जी ऊर्जा वाया जाते, तिच्या जोरावर एक चक्र फिरवावे, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकावरील चक्राने बाहेरची हवा दाबून सिलिंडरात कोंबावी, म्हणजे तेवढ्याच घनफळात अधिक इंधन जाळता येईल, असा त्याचा साधा विचार होता. डिझेल इंजिनांनी ही युक्ती लवकर आत्मसात केली; आपल्याकडे मालमोटारींच्या तोंडावर ‘टर्बो’ हा शब्द मोठ्या अभिमानाने रंगवलेला दिसू लागला त्यालाही आता कित्येक वर्षे लोटली. पेट्रोलच्या मोटारींत अमेरिकेने १९६२ साली ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर या गाड्यांतून पहिला प्रयोग केला, आणि स्वीडनच्या साब कंपनीने सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात तो कुटुंबाच्या नित्य वापराच्या गाडीत आणून दाखवला.

भारतात या इंजिनांचा प्रसार होण्यास अभियांत्रिकीइतकाच करआकारणीचाही हातभार लागला. २००६ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात लहान मोटारींवरील उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणताना लहान मोटारीची व्याख्या अशी करण्यात आली की, तिची लांबी चार मीटरच्या आत आणि तिचे पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत असावे. पुढे शुल्क गेले, वस्तू व सेवा कर आला, आणि सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींना १८ टक्क्यांचा दर लागू झाला, तरी ती १२०० सीसीची लक्ष्मणरेषा आहे तिथेच आहे. घनफळ वाढवायचे नाही आणि शक्ती तर हवी, अशा कोंडीतून टर्बो हाच राजमार्ग उरतो. ज्यांची नावे या संदर्भात घ्यावी लागतात, अशा पुष्कळ गाड्या महाराष्ट्रातच तयार होतात, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे: टाटांची नेक्सॉन पुण्याजवळच्या रांजणगावला, फोक्सवॅगन आणि स्कोडा यांच्या टायगुन व कुशाक चाकणला, आणि २०२४ पर्यंत महिंद्रांची एक्सयूव्ही ३०० नाशिकला तयार होत असे.

आता माहितीपत्रकातील आकडे. कुशाक-टायगुनमधील एक लिटरचे, तीन सिलिंडरांचे, ९९९ सीसीचे इंजिन ११५ अश्वशक्ती आणि १७८ न्यूटन-मीटर टॉर्क देते. नेक्सॉनचे ११९९ सीसीचे इंजिन १२० अश्वशक्ती आणि १७० न्यूटन-मीटर. महिंद्रांचे ११९७ सीसीचे इंजिन साध्या रूपात ११० अश्वशक्ती आणि २०० न्यूटन-मीटर, तर थेट इंधनक्षेपणाच्या रूपात १३० अश्वशक्ती आणि २३० न्यूटन-मीटर. ग्राहक अश्वशक्तीच्या आकड्याकडे पाहतो, परंतु इंजिनाच्या प्रकृतीचे अनुमान टॉर्कवरून अधिक चांगले करता येते, कारण टॉर्कला घनफळाने भागले की प्रत्येक स्फोटागणिक पिस्टनवर सरासरी किती दाब पडतो याचा अंदाज मिळतो. टर्बो नसलेल्या १२०० सीसीच्या इंजिनाचा टॉर्क साधारण ११३ न्यूटन-मीटर धरला, तर हा सरासरी दाब बारा बारच्या आसपास येतो. नेक्सॉनमध्ये तो अठरा बारच्या जवळ जातो, आणि एक लिटरच्या फोक्सवॅगन इंजिनात बावीस बार ओलांडतो. पिस्टन, त्याच्या कड्या, कनेक्टिंग रॉड, बेअरिंगे आणि हेड गॅसकेट यांना जवळजवळ दुप्पट भार सोसावा लागतो, आणि तोही मिनिटाला १७५० फेऱ्यांपासूनच, म्हणजे गावातल्या रहदारीत ज्या वेगाने इंजिन नेहमी फिरत असते त्या वेगापासून. निर्माता हे सारे जाणूनच पिस्टनच्या पोटावर तेलाचा फवारा सोडतो, रॉड जाड करतो आणि आकुंचनाचे गुणोत्तर साडेनऊ-साडेदहापाशी आवरते घेतो. लहान इंजिन एवढा भार पेलणारच नाही, अशी जी समजूत लोकांत आहे ती निराधार आहे. ते पेलते, मात्र त्याच्या पथ्यात ढिलाई झालेली त्याला खपत नाही.

उष्णतेचा हिशेब एकदा आकड्यांत मांडून पाहावा. टर्बोतील हवा दाबणाऱ्या चक्राने, म्हणजे कंप्रेसरने, हवेचा दाब दुप्पट केला आणि त्याची कार्यक्षमता शंभरात सत्तर धरली, तर २५ अंशांची हवा बाहेर पडताना सुमारे ११८ अंशांची झालेली असते. नवतप्यातील ४७ अंशांची हवा त्याच यंत्रातून सुमारे १४७ अंशांची होऊन निघते. बाहेर बावीस अंशांचा फरक होता, आत तो एकोणतीस अंशांचा झाला. ही हवा निववण्यासाठी इंटरकूलर असतो. परंतु ज्या हवेच्या झुळकीवर तो निवायचा ती झुळूकच तापलेली, शेजारी वातानुकूलनाचा कंडेन्सर आणि मागे रेडिएटर असे दोन शेजारी धगधगत असलेले, आणि गाडी सीताबर्डीच्या गर्दीत पावलापावलाने सरकत असलेली. मग इंजिनाचा संगणक दोन गोष्टी करतो. विरळ हवेची तूट भरून काढण्यासाठी तो टर्बोला अधिक वेगाने फिरवू पाहतो, त्यामुळे हवा आणखी तापते. आणि तापलेल्या हवेमुळे सिलिंडराच्या कडेचे मिश्रण ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच आपोआप पेटू लागले, म्हणजे आपल्याकडील मिस्त्री ज्याला ‘नॉकिंग’ म्हणतात ते होऊ लागले, तर संवेदकाकडून ती वर्दी मिळताच तो ठिणगी उशिरा पाडतो. उशिरा पाडलेल्या ठिणगीमुळे ज्वलनही उशिरा संपते, धूर अधिक तापलेला बाहेर पडतो, आणि तो टर्बाइनला, म्हणजे धुराने फिरणाऱ्या चक्राला, सोसणाऱ्या मर्यादेपलीकडे जाऊ नये म्हणून जादा पेट्रोल फवारून त्याला थंड करावे लागते. मे महिन्यात गाडीला पिकअप राहिला नाही आणि ॲव्हरेजही पडले, अशी जी तक्रार घेऊन नागपूरकर कार्यशाळेत जातो, तिच्यामागे पुष्कळदा बिघाड काहीच नसतो. इंजिन स्वतःचे संरक्षण करीत असते. हा खुलासा ग्राहकाला स्वच्छ शब्दांत करणारा सेवासल्लागार विरळाच, आणि तो केला जात नाही म्हणून लोक उगाच प्लग, कॉइल आणि पंप बदलत बसतात, याची मला खरोखर खंत वाटते.

परंतु खरा जीवघेणा प्रश्न तेलाचा आहे. लहान मोटारीच्या टर्बोतील कंप्रेसरचे चक्र जेमतेम चाळीस मिलिमीटर व्यासाचे असते आणि पूर्ण भाराखाली ते मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या घरात फिरते. या हिशेबाने त्याच्या कडेचा वेग सेकंदाला चारशे मीटरच्या वर जातो, म्हणजे बाहेरच्या हवेतील ध्वनीच्या वेगाहून अधिक. ज्या दांड्यावर हे चक्र बसवले आहे, त्याच्या दुसऱ्या टोकाला पेट्रोल इंजिनात ९५० अंशांच्या आसपास तापणारा धूर आदळत असतो. डिझेलचा धूर याहून बराच थंड, आणि डिझेलचा टर्बो दीर्घायुषी ठरण्याचे हे एक मोठे कारण आहे. या दोन टोकांच्या मधोमध दांडा ज्यावर तोललेला असतो तो आहे तेलाचा एक सूक्ष्म थर. धातू धातूला टेकलेला नसतो, तेलावर तरंगत असतो. तो थर क्षणभर तुटला तरी दोन लाख फेऱ्यांच्या वेगाने धातूवर धातू घासला जातो.

समृद्धी महामार्गावरील एक नित्याचे दृश्य घ्या. नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून मुंबईकडे निघालेली मोटार सिमेंटच्या सपाट, सरळ रस्त्यावर ताशी १२० किलोमीटरच्या कायदेशीर मर्यादेने तास-दीड तास धावते. वातानुकूलन पूर्ण, माणसे पाच, टपावर सामान. मग कोणाला तरी चहाची तल्लफ येते, गाडी वेग उतरवून थेट पेट्रोलपंपाच्या आवारात शिरते आणि चाकांबरोबरच इंजिनही थांबते. त्या क्षणी तेलाचा पंप बंद पडतो. टर्बाइनचे लोखंडी कवच अजून लाल होण्याच्या बेतात असते, त्याची उष्णता दांड्यावाटे बेअरिंगच्या घरात चढू लागते, आणि तिथे अडकून राहिलेले तेल जागच्या जागी करपू लागते. एका वेळेला काही बिघडत नाही. परंतु करपलेल्या तेलाचा काळा, काचेसारखा कडक थर दरवेळी किंचित वाढतो, तेलाच्या बारीक नळीचे तोंड आवळत जाते, आणि एखाद्या दिवशी शिट्टीसारखा आवाज आणि निळसर धूर घेऊन गाडी कार्यशाळेत येते. हल्लीच्या इंजिनांत बेअरिंगभोवती पाणी खेळवलेले असते, आणि पुष्कळ गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही विजेचा छोटा पंप व पंखा काही मिनिटे चालू राहतो. किल्ली काढल्यावरही पंखा फिरतो म्हणून घाबरून बॅटरीची तार सोडवणारे मालक आहेत, त्यांनी तसे कदापि करू नये. मालमोटारीचे जुने चालक ठाण्यावर आल्यावर इंजिन मिनिटभर मंद चालवून मगच बंद करीत, तो रिवाज पेट्रोलच्या गाडीलाही तितकाच लागू पडतो. त्याहूनही चांगले हे की मुक्कामाआधीचे दोन-तीन किलोमीटर पाय हलका ठेवून यावे, म्हणजे वाहत्या हवेनेच टर्बो बराच निवतो.

तेल बदलण्याची मुदत हा याच प्रकरणाचा दुसरा भाग. देखभालीच्या पुस्तकात दहा हजार किंवा पंधरा हजार किलोमीटर अथवा एक वर्ष, असा आकडा ठळक छापलेला असतो, आणि त्याखाली अथवा मागच्या पानावर ‘कठीण परिस्थितीतील वापर’ या मथळ्याखाली दुसरी, छोट्या मुदतीची तजवीज असते. कठीण परिस्थिती म्हणजे काय, याची यादी वाचावी: अतिउष्ण हवामान, धुळीचे रस्ते, वारंवार थांबणारी रहदारी, इंजिन पुरते तापण्याआधीच संपणारे छोटे प्रवास. ही नागपूरची कैफियतच आहे. उन्हाळा आहेच, काळ्या कापूसमातीची मैद्यासारखी बारीक धूळ आहे, उमरेडच्या बाजूला तिच्यात कोळशाची भुकटी मिसळते, आणि डिसेंबर-जानेवारीत, पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास असताना, धरमपेठेतून मुलाला शाळेत सोडून परत येण्याइतका प्रवास इंजिनाचे तेल नीट तापवतही नाही. अशा थंड इंजिनात सिलिंडराच्या भिंतीवर न जळता उरलेले पेट्रोल कड्यांवाटे खाली तेलात उतरते. डिपस्टिकवर तेलाची पातळी घटण्याऐवजी वाढलेली दिसली आणि बोटाला पेट्रोलचा वास आला, तर ते याचेच लक्षण. पातळ झालेले तेल टर्बोच्या दांड्याला तोलून धरू शकत नाही. म्हणून येथील मालकाने छापील मुदत निम्म्यावर आणावी, निदान सात-साडेसात हजार किलोमीटरच्या पुढे जाऊ नये, आणि तेल कंपनीने सांगितलेल्या श्रेणीचे, पूर्ण कृत्रिम प्रकारचेच वापरावे, असे मी आग्रहाने सांगेन. वर्षातून एकदा जास्तीचे तेल आणि फिल्टर यांचा खर्च टर्बोच्या किमतीपुढे नगण्य आहे.

तेलाच्या श्रेणीचा आग्रह केवळ वंगणापुरता नाही. या इंजिनांत एक विलक्षण व्याधी आढळली आहे. वरच्या गिअरमध्ये, मिनिटाला पंधराशे-दोन हजार फेऱ्यांवर, पूर्ण पाय दाबून गाडी ओढली असता ठिणगी पडण्यापूर्वीच मिश्रण पेटते आणि सिलिंडरातील दाब एकाएकी इतका चढतो की पिस्टनच्या कड्यांमधली धातूची पट्टी तुटून पडते. पिस्टन आणि सिलिंडर यांच्या फटीत पेट्रोल मिसळलेल्या तेलाचे थेंब साचतात, ते उडून वर येतात आणि दाबाखाली स्वतःच पेट घेतात, असे या व्याधीचे मान्य झालेले निदान आहे. तेलातील शोधक द्रव्यांत कॅल्शियमचे प्रमाण जास्त असेल तर हा प्रकार बळावतो, मॅग्नेशियमची द्रव्ये वापरल्यास तो आवरतो, हेही संशोधनाने दाखवून दिले, आणि अमेरिकन पेट्रोलियम संस्थेने २०१८ साली ‘एसएन प्लस’ व २०२० साली ‘एसपी’ ही प्रमाणके आणली ती प्रामुख्याने याच कारणास्तव. डब्याच्या पाठीवर ‘एसपी’ ही दोन अक्षरे आहेत की नाहीत, एवढे पाहणे कोणालाही शक्य आहे. चालकाच्या सवयीचा भाग मात्र त्याच्याच हाती आहे. पेट्रोल वाचावे म्हणून पाचव्या गिअरमध्ये ताशी चाळीसने गाडी घुसमटत नेण्याची आणि उड्डाणपूल लागला तरी गिअर न उतरवण्याची आपल्याकडील कंजूष रीत साध्या इंजिनाला चालत होती. टर्बो इंजिनाला ती विषासमान आहे. चढावर एक गिअर खाली घ्यावा, इंजिन अडीच हजार फेऱ्यांवर मोकळे फिरू द्यावे.

थेट इंधनक्षेपण असलेल्या इंजिनांत आणखी एक दोष स्वभावतःच येतो. पूर्वी पेट्रोलचा फवारा हवेच्या झडपांवर पडे आणि त्या धुतल्या जात. आता तो सरळ सिलिंडरात जातो, त्यामुळे क्रँककेसमधून येणाऱ्या तेलकट वाफा झडपांच्या पाठीवर कोरड्या होऊन कोळशाची पुटे चढतात. साठ-सत्तर हजार किलोमीटरनंतर सकाळी इंजिन थरथरू लागले तर या पुटांचा संशय घ्यावा. पेट्रोलमध्ये ओतायच्या शोधकांचा येथे काडीचा उपयोग नाही, कारण पेट्रोल त्या जागी पोहोचतच नाही. अक्रोडाच्या कवचांचा भुगा हवेच्या दाबाने मारून झडपा साफ करण्याची पद्धत परदेशात रुळली आहे.

झडपांचे टायमिंग राखणारी साखळी वा पट्टा यांच्या बाबतीत मोठमोठ्या निर्मात्यांचेही अंदाज चुकले आहेत. फोक्सवॅगनच्या पहिल्या पिढीतील लहान टीएसआय इंजिनांत साखळी ताणली जाण्याच्या तक्रारी युरोपात गाजल्या आणि पुढच्या पिढीत कंपनीने साखळी काढून कोरडा दातेरी पट्टा बसवला. फोर्डचे एक लिटरचे इकोबूस्ट इंजिन, जे भारतात २०१३ साली इकोस्पोर्टमधून १२५ अश्वशक्तीसह आले, त्याला २०१२ पासून लागोपाठ तीन वर्षे जगातील सर्वोत्तम इंजिनाचा मान मिळाला होता. पण त्याचा पट्टा तेलातच बुडून फिरणारा होता. तेल जुने झाले, पेट्रोलने पातळ झाले अथवा चुकीच्या प्रकारचे भरले गेले, की पट्ट्याचे रबर झडू लागते, त्याचे कण तेल शोषणाऱ्या जाळीत अडकतात आणि इंजिन तेलावाचून मरते. अमेरिकेत २०२३ च्या अखेरीस याच इंजिनाच्या तेलपंपाच्या पट्ट्यापायी लाखाहून अधिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या. फोर्डने २०२१ साली भारतातील उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले तरी या गाड्या आपल्या रस्त्यांवर आहेत, आणि त्या बाळगणाऱ्यांनी योग्य प्रतीचे तेल आणि पट्ट्याची वेळेवर तपासणी यांत हयगय करणे धोक्याचे आहे.

शीतलकाविषयी विदर्भात एक जुनी खोड आहे. टाकीची पातळी खाली दिसली की बोअरचे पाणी ओतायचे! हे पाणी जड असते. त्यातील क्षार ॲल्युमिनियमच्या अरुंद वाटांवर बसतात, टर्बोभोवतीची बारीक वाट सर्वांत आधी बुजते, आणि शीतलकाचा उत्कलनबिंदूही खाली येतो. ग्लायकॉलचे मिश्रण बंद टाकीच्या दाबाखाली १२५ अंशांच्या पुढेही उकळत नाही. साध्या पाण्याची भर पडत गेली की ती सुरक्षिततेची मर्यादा गळून जाते. पातळी घटतेच का, हा प्रश्न आधी विचारावा. प्लॅस्टिकचे थर्मोस्टॅट-घर, नळ्यांचे सांधे आणि पाण्याचा पंप या तीन जागी गळती बहुधा सापडते, आणि गाडी एकदा जरी खरोखर गरम होऊन थांबली तरी हेड वाकल्याची शक्यता धरूनच पुढचा बंदोबस्त करावा.

बाकीचे दोष किरकोळ असून स्वस्तात निघतात. दाबाखालची रबरी नळी सैल वा चिरलेली असेल तर ‘हुस्स’ असा आवाज येतो आणि जोर लागत नाही. टर्बाइनला नको असलेला धूर बाजूने सोडणाऱ्या झडपेच्या, म्हणजे वेस्टगेटच्या, दांडीत ढिलाई आली तर पाय काढताच खडखड ऐकू येते. प्लगची फट वाढली तर जास्त दाबाच्या हवेत ठिणगी फुंकर मारल्यासारखी विझते आणि इंजिन झटके देते. हवेच्या फिल्टरला मात्र किरकोळ म्हणू नये. त्यातून सुटलेला वाळूचा कण दोन लाख फेऱ्यांच्या चक्रावर आदळतो, आणि नागपुरात तो फिल्टर छापील मुदतीच्या आधीच काळा झालेला मिळतो.

इथेनॉलविषयी दोन शब्द आवश्यक आहेत, कारण पेट्रोलमध्ये ते मिसळण्याच्या धोरणाचे मोठे पुरस्कर्ते नितीन गडकरी नागपूरचेच खासदार असल्याने शहरात त्यावर सदैव वाद चालतो. २०२५ साली देशात पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे या मिश्रणात दर लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते, आणि ॲव्हरेज घटल्याची तक्रार निराधार म्हणता येत नाही. दुसरी बाजू अशी की इथेनॉलचे बाष्प होताना ते पेट्रोलच्या अडीच पट उष्णता शोषते आणि नॉकिंगला कडवा विरोध करते. हे दोन्ही गुण नवतप्यात तापणाऱ्या टर्बो इंजिनाला, त्याचा संगणक व साहित्य त्या मिश्रणासाठी सिद्ध केलेले असेल तर, हितकारकच आहेत. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे साहित्य या मिश्रणाचा विचार करून निवडलेले आहे. त्यापूर्वीच्या गाडीच्या मालकाने इंधनाच्या रबरी नळ्या आणि जोड यांच्याकडे लक्ष ठेवावे, आणि महिनोन्महिने गाडी उभी राहणार असेल तर टाकीत जुने मिश्रण ठेवू नये, कारण इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते.

जुनी टर्बो गाडी विकत घेणाऱ्याने चाचणीची फेरी सकाळी न मारता दुपारी मारावी, आणि तीही वातानुकूलन चालू ठेवून. गाडी पुरती तापल्यावर तेल भरायचे झाकण उघडून त्याच्या आतल्या बाजूवर काळी साय आहे का ते पाहावे. मग मिस्त्रीकडून टर्बोच्या तोंडाची नळी सोडवून घ्यावी, आणि इंजिन बंद असताना त्याने चक्राचा दांडा चिमटीत धरून हलवून पाहावा. आडवा अगदी किंचित हलला तर चिंता नाही, कारण तेलावर तरंगणाऱ्या बेअरिंगमध्ये तेवढी जागा ठेवलेलीच असते; पण पुढे-मागे सरकल्याचे बोटाला कळले, किंवा पात्यांच्या कडा कवचाला घासून चकाकत असल्या, तर तो टर्बो बदलावा लागणार हे धरून भाव करावा. सर्वांत शेवटी देखभालीचे दाखले मागावेत आणि त्यांतील किलोमीटरच्या आकड्यांपेक्षा तारखा तपासाव्यात: दोन तेलबदलांच्या मध्ये दोन उन्हाळे गेलेले दिसले, तर विकणारा मीटरवरचे किलोमीटर कितीही कमी दाखवो, तो सौदा सोडून द्यावा.